कावेची रेघ

भांडुपला टेकडीच्या उतारावर पूर्वी चाळ होती. आता तिथे सात मजल्यांची इमारत आहे आणि चाळीतली सगळी माणसं आपापल्या भांडणांसकट वर राहायला गेली आहेत. खाली वॉचमनला विचारा, "सुगंधा पाताडे कुठे राहतात?" तो डोकं खाजवेल. "रेघवाली मावशी?" म्हणा, तो स्वतः येऊन लिफ्टचं चौथं बटण दाबून देईल.

रेघ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. कोणाच्या हातापायाला लाली चढली, गरम लागायला लागलं, सुजलं आणि ती लाली सरकायला लागली की मालवणकडची माणसं म्हणतात, धावरं झालं. सुगंधाच्या सासूकडे त्यावर उतारा होता. कावेचा, म्हणजे लाल गेरूचा खडा सहाणेवर उगाळायचा, लालीवर लेप द्यायचा आणि तिच्या कडेने बोटाने गोल रेघ मारायची. धावऱ्याने त्या रेघेच्या आत राहायचं. सासू गेली, खडा सुगंधाकडे आला आणि सासऱ्यांची गिरण बंद पडल्यावर पाताड्यांच्या घरात जे काही गावाकडचं शिल्लक राहिलं, त्यात हा खडा मानाचा होता.

आता खरं सांगायचं तर, येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना मुंगीच चावलेली असायची. किंवा घामोळं, किंवा नव्या साबणाची खाज. नुसत्या पाण्याची रेघ मारली असती तरी दोन दिवसांत उतार पडला असता. पण हे सुगंधाला कोण सांगणार? वीसेक वर्षांत तिची रेघ एकदाही ओलांडली गेली नव्हती. पैसे ती घेत नसे, पण कौतुक मात्र व्याजासकट वसूल करायची. कोणी बरं होऊन आलं की ती त्याला दारातच उभं करून मोठ्याने विचारायची, "रेघेच्या आत राहिलं ना रे?" म्हणजे तिसऱ्या मजल्यावर सोनूबाईला ऐकू जावं. सोनूबाईचं आणि तिचं चाळीच्या नळापासूनचं वैर. सोनूबाई म्हणायची, "चिखल फासते नि टेंभा मिरवते." सुगंधा ते ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठ्याने विचारायची.

तिची जाहिरात करायला नवरा होताच. लवू पाताडे, कुरियर कंपनीतून निवृत्त, साखरेचा पेशंट आणि गोडाचा भक्त. सकाळी फिरायला गेला की कट्ट्यावर कोणाचा सुजलेला घोटा दिसला रे दिसला, हा त्याला धरून वर आणायचा. "आमची हिची रेघ म्हणजे रेघ," म्हणायचा. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोची स्तुती करण्याचा एवढाच मार्ग त्याला सापडला होता आणि तो त्याने मनापासून वापरला.

तर हा लवू शुक्रवारी मालवणी जत्रेला गेला. नवी कोल्हापुरी चप्पल घालून! सून श्रुतिका म्हणाली होती, "पप्पा, शूज घाला ना, तुम्हाला शुगर आहे." पण ऐकेल तो लवू कसला. चप्पल चावली, टाचेमागे कातडं सोललं, आणि हा गृहस्थ खाज्याची, म्हणजे गुळात घोळलेल्या शेवेची, पुडी संपवून लंगडत घरी आला. शनिवारी काही नाही. रविवारी सकाळी उठला तो घोट्याच्या वर पाय लालभडक, अंगात ताप, आणि दुखणं इतकं की पायावर चादर टाकली तरी ओरडायचा. जखम बघायला जावं तर एवढीशी, दहा पैशांच्या नाण्याएवढी.

"डॉक्टरकडे जाऊया," हर्षद म्हणाला. हा त्यांचा मुलगा, पवईला कॉम्प्युटर कंपनीत. "जाऊया हं, आधी धावरं तर बांधते," सुगंधा म्हणाली आणि सहाण घेऊन बसली. लवूनेच पाय पुढे केला. "आमच्या घरात एवढी मोठी डॉक्टरीण असताना भायर कित्याक?" असं म्हणाला तो, दात आवळत का होईना. सुगंधाने लालीवर दाट लेप दिला आणि पोटरीच्या खाली नीटस रेघ ओढली. मग लवूला दोन घास भरवले, तापाची गोळी दिली.

जेवणं झाल्यावर तिने पाय पाहिला. लाली रेघ ओलांडून चांगली चार बोटं वर गेली होती.

अहो, वीस वर्षांत न झालेलं! आणि तेही कोणाच्या पायावर? सासूने खडा देताना एक गोष्ट बजावून सांगितली होती, "आत रवला तर आपला, भायर गेला तर डाक्टराचा." सुगंधाला त्यातला पहिला अर्धा तोंडपाठ होता. दुसऱ्या अर्ध्याची गरज कधी पडलीच नव्हती. बाहेर हर्षद फोनवर बोलत होता, श्रुतिका भांडी आवरत होती, आणि खाली सोनूबाईच्या घरातून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. कशावरून हसत होती देव जाणे, टीव्हीवर काही असेल. पण सुगंधाला वाटलं, आपल्यालाच हसतेय. तिने पदराचं टोक पाण्यात बुडवलं, सकाळची रेघ पुसली आणि गुडघ्याच्या जरा खाली नवी ओढली. मधल्या जागेवर लेप दिला. सगळं पूर्वीसारखं दिसायला लागलं.

लवूने डोळे उघडले. "रेघेच्या आत हा मां?" त्याने विचारलं.

"आत हा. तुम्ही निजा," ती म्हणाली.

आणि बघा नशीब कसं थट्टा करतं! चारच्या चहाला लवू म्हणाला, "गो, दुखाचा थांबला." सुगंधाने स्वतः चिमटा काढून पाहिला, त्याला कळलंसुद्धा नाही. ती देवाजवळ गेली, सासूच्या फोटोला हात जोडले. उतार पडला, जिंकलो! हर्षदला म्हणाली, "बघितलंस? उगाच हजारांची फोडणी बसली असती."

लबाड रोग तो. दुखणं थांबलं होतं ते बरं वाटायला लागलं म्हणून नव्हे, तर दुखणं डोक्यापर्यंत पोचवणाऱ्या नसाच आत मरायला लागल्या होत्या म्हणून. पण हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिने आनंदाने कप विसळले.

श्रुतिका पाणी द्यायला गेली तेव्हा लवू छताकडे बघत होता. "भोंगो झालो काय गो?" त्याने तिला विचारलं. "बाबांचो डबो भरलंय?" बाबा म्हणजे त्याचे वडील, गिरणीत होते, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. हात बर्फासारखे गार, श्वास भराभर. श्रुतिका बाहेर आली आणि म्हणाली, "हर्षद, गाडी बोलव. आई, आता प्लीज काही बोलू नका." सुगंधाने पायांत चपला सरकवल्या.

लवूला खुर्चीत बसवून खाली आणला. श्रुतिका स्कूटीवरून पुढे गेली. गाडीत मागे लवूला मधे घेऊन सुगंधा आणि हर्षद बसले, आणि पुढच्या सीटवर पाण्याची बाटली घेऊन सोनूबाई येऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आपल्याकडे वैर वैराच्या जागी असतं, पण माणूस आजारी पडला की बाटली घेऊन बसायचं असतं.

मुलुंडच्या हॉस्पिटलात सर्जन होत्या डॉक्टर मधुवंती. चाळिशीच्या, शिडशिडीत, बोलणं फास्ट गाडीसारखं, मधली स्टेशनं गाळणारं. लेप लावलेला पाय बघून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, हे सुगंधाने बघून ठेवलं. त्यांनी नाडी पाहिली, बीपी पाहिलं, आणि भुवया वर गेल्या.

"ही रेघ कोणी काढली? कधी?"

"आईने, सकाळी," हर्षद म्हणाला. त्या बिचाऱ्याला तेवढंच ठाऊक होतं.

"सकाळपासून लाली इथेच आहे? रेघेच्या आत?" डॉक्टर थांबल्या. "विचित्र आहे. ताप आणि बीपी एक सांगतंय, रेघ दुसरंच सांगतेय. वर एवढा लेप आहे की कातडीचा रंगही कळत नाहीये." मग नर्सला म्हणाल्या, "लेप पुसायला घ्या, रक्त पाठवा, सलाईन आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करा. मला शंका वाईट आहे. पण लाली दिवसभर जागची हलली नसेल तर रिपोर्टपर्यंत थांबता येईल. शुगर भरमसाट आहे, उगाच पाय उघडायला नको."

सुगंधा पडद्याला धरून उभी होती. डाव्या बाजूला सोनूबाई, हातात बाटली. बोलावं तर वीस वर्षांचं नाव मातीत, आणि तेही सोनूबाईच्या देखत. उद्या सकाळी दूधवाल्यापासून सगळ्यांना कळेल. गप्प बसावं तर... ती लवूकडे बघायला लागली. तो अजून भोंग्याची वाट बघत होता.

"डॉक्टर, ही दुसरी रेघ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिली खाली होती. दुपारी बघितलं तर ओलांडून गेलेलं. मी पुसली. लाज वाटली म्हणून पुसली, नि ही वर काढली. आणि आता, आता ह्याच्याही बाहेर गेलंय बघा मागच्या बाजूने. ह्यांचं दुखणं थांबलं म्हणून मला वाटलं बरं झालं." आणि ती रडायला लागली, तिथेच, सगळ्यांसमोर, पदर तोंडात कोंबून.

डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा स्वतः घेतला आणि घासायला लागल्या. कावेखालून पाय निघाला तो लाल नव्हताच. जांभळा, मधे करडे डाग, दोन फोड पाण्याने टच्च भरलेले. त्यांनी दाबलं तेव्हा कातडीखाली बारीक चुरचुर झाली. आणि खाली, पोटरीखालच्या कातडीच्या बारीक सुरकुत्यांमध्ये, सकाळच्या रेघेचा पुसट लाल माग राहिला होता. कावच ती, इतक्या सहज जाते थोडीच! डॉक्टरांनी त्या मागापासून वरच्या लालीपर्यंत बोटं ठेवून अंतर पाहिलं.

"ओटी तयार करा," त्या म्हणाल्या. "आत्ता. रिपोर्ट ओटीत आणा."

हर्षदच्या सह्या घेता घेता त्यांनी समजावलं. कातडी आणि स्नायू यांच्या मधे एक पातळ पापुद्रा असतो. काही जंतू त्या पापुद्र्यात शिरतात आणि त्याच्यावरूनच पळत सुटतात, वाटेतलं मांस मारत. "वाळवी लागलेलं दार पाहिलंय ना? वरून रंग शाबूत, आत पोकळ. तसं. नुसत्या औषधाने होत नाही, मेलेल्या भागात औषध पोचतच नाही. मेलेलं सगळं कापून काढावं लागतं, जिवंत मांसाला रक्त फुटेपर्यंत. पाय वाचेल असं मी सांगत नाही. आधी माणूस, मग पाय." मग सुगंधाकडे वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आत्ता बोललात ते फार बरं झालं."

सुगंधाने डोळे पुसले. "चिखल फासला मी," ती म्हणाली.

"लेप नको होता, त्याने रंग झाकला गेला. पण रेघ?" डॉक्टरांनी खिशातून काळा मार्कर काढला, लालीच्या आत्ताच्या कडेने सरळ रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. "आम्हीपण काढतो की. फक्त पुसत नाही."

लवूला आत नेलं. बाहेर बाकावर सोनूबाईने बाटली पुढे केली. सुगंधाने दोन घोट प्यायले. चाळीच्या नळापासून सोनूबाईच्या हातचं पाणी ती पहिल्यांदाच पीत होती.

पुढचं सगळं भराभर झालं असं म्हणायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. पहिल्या ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, छोटा छेद घेतला तर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पाणी आलं आणि बोट कातडीखाली अडथळ्याशिवाय आत गेलं. जिथे चिकटलेलं असायला हवं तिथे सगळं सुटलेलं. तेव्हाच पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत नेलं, पुन्हा थोडं कापलं. सुगंधा रोज काळी रेघ बघायची, जपमाळ ओढावी तशी. लाली रेघेपाशी थांबली, मग खाली उतरली. जखम उघडीच ठेवली होती, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला घेरी आली आणि नर्सने तिलाच खाटेवर झोपवलं. मग जखमेवर स्पंज लावून हवा ओढणारं मशीन बसवलं, आणि मांस गुलाबी झाल्यावर मांडीची पातळ साल काढून तिथे चिकटवली.

पाय राहिला. पोटरीचा आकार गेला, टाच नीट टेकत नाही, पण पाय राहिला. लवू शुद्धीवर येऊन आठवडा झाला तेव्हा बँडेजकडे बघत म्हणाला, "मांडयेची काढून पायाक लावली! ह्या बोटाची थुंकी त्या बोटार. ह्येच्यासाठी लोक एवढां शिकतत?" सुगंधाला हसू आलं, आणि हसता हसताच तिला वाटलं, आता सांगितलंच पाहिजे.

"अवो, मी तुमच्याशी खोटा बोललंय," ती म्हणाली. "रेघ भायर गेली हुती. मी पुसून दुसरी काढलंय."

लवू चादरीचा कोपरा सारखा करायला लागला. "माका ठावक होता," तो म्हणाला.

"कसा?"

"तुझ्या बोटाक ओली काव होती. सकाळची काव जेवणानंतर ओली रवता काय गो?"

"मगे बोललात कित्याक नाय?"

"तुझी रेघ आजपर्यंत कधी भायर गेली नाय. आणि पयल्यांदा जाऊची ती माझ्याच पायार? बरां दिसता काय तां?"

तिने त्याला काय काय शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मूर्ख, आडमुठा इथपासून सुरुवात झाली आणि लवूच्या आधीच्या तीन पिढ्यांपर्यंत गेली. नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंटला काही झालं. मग सुगंधाने त्याच्या चांगल्या पायावर डोकं ठेवलं आणि इतकी रडली की चादर बदलावी लागली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता आणि चोरून नर्सला खुणेने विचारत होता की आज बिस्किट मिळेल का.

घरी आल्यावर सुगंधाला वाटलं होतं, इमारतीत तोंड दाखवायला जागा नसेल. पण कोणालाच काही माहीत नव्हतं. सोनूबाई, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती सोनूबाई, कोणाकडे एक अक्षर बोलली नव्हती. लोक म्हणायचे, "मावशी, तुमच्या रेघेमुळे काकांचा पाय वाचला म्हणे." सुगंधा खाली बघायची. खडा तिने फडताळात ठेवून दिला.

गणपती झाल्यावर एका दुपारी सोनूबाईच दारात आली. सुरमई साफ करताना काटा लागला होता, मनगटाच्या वर लाली चढत होती. "बघ जरा," ती म्हणाली. सुगंधा नको नको म्हणाली, पण सोनूबाई मुळी सोफ्यावर बसलीच. शेवटी सुगंधाने श्रुतिकाच्या टेबलावरचं पेन घेतलं, लालीच्या कडेने बारीक रेघ ओढली, बाजूला वेळ लिहिली आणि म्हणाली, "आता इथून हलायचं नाही."

चहा झाला, एक मालिका झाली. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या होत्या, रेघवाली मावशी पुन्हा सुरू झाली म्हणून. सुगंधाने हात बघितला. लाली रेघेच्या बोटभर बाहेर होती. फार नाही, बोटभरच. आणि लेप नसल्यामुळे लख्ख दिसत होती.

ती उठली आणि गॅलरीत गेली. "हर्षद!" ती खाली गेटपाशी उभ्या असलेल्या मुलाला अशी ओरडली की सातव्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "गाडी बोलव! सोनूबाईची रेघ बाहेर गेली! माझ्याने होणार नाही!"

"काय झालं मावशी?" समोरच्या विंगमधून कोणीतरी विचारलं.

"माझी रेघ चुकली!" तिने आणखी मोठ्याने सांगितलं. "चुकते ती! डॉक्टरकडे चाललोय!"

लवू तोवर लंगडत जाऊन लिफ्ट धरून उभा राहिला होता. खाली सोनूबाईला मागे बसवलं आणि सुगंधा पाण्याची बाटली घेऊन पुढे बसली. गाडी वळणावर आली तेव्हा सोनूबाई म्हणाली, "पुसून जरा वर काढली असतीस तर मला गं कुठे कळणार होतं?"

"तुला नसतं कळलं," सुगंधा म्हणाली. "ह्यांना कळतं. आणि कळून गप्प बसतात."